राजकन्येच्या हातातली तलवार शेवटपर्यंत टिकते का?

मुठाकाठची

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय मांडते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

निमित्त झालं लेकीच्या शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेचं. चौथीत आहे. तिला राजकन्या व्हायचं होतं आणि हातात तलवार हवी होती. सदाशिव पेठेत ड्रेपरी भाड्याने देणाऱ्या एका दुकानात गेलो. काकांनी दोन गठ्ठे काढून समोर ठेवले. एकात राजकन्या: गुलाबी झगा, मुकुट, टोकाला चांदणी लावलेली छडी. दुसऱ्यात झाशीची राणी: नऊवारी, ढाल, तलवार आणि पाठीला बांधायला एक बाहुला. लेकीने झगा उचलला आणि दुसऱ्या गठ्ठ्यातली तलवार ओढली. काकांनी प्रेमाने समजावलं, "बाळा, तलवार राणीच्या सेटमधली आहे. राजकन्येला छडी असते."

दोन्ही सेटचं भाडं भरून निघालो. जंगली महाराज रस्त्यावर झाशीच्या राणीच्या पुतळ्यापाशी सिग्नलला थांबलो तेव्हा मागून प्रश्न आला, "आई, बाळ झाल्यावरच तलवार मिळते का?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही नीट देता येत नाही, म्हणून हा धागा.

आपल्या इतिहासात लढलेल्या बायका आठवून बघा. ताराबाई: राजाराम महाराज गेले १७०० मध्ये, त्या तेव्हा पंचविशीत होत्या, आणि पुढची सात वर्षं त्यांनी औरंगजेबाला स्वस्थ बसू दिलं नाही. तळेगावच्या उमाबाई दाभाडे, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई. ही नावं घेताना ऊर भरून येतो. पण या सगळ्यांच्या हाती कारभार आणि तलवार आली ती घरातला पुरुष गेल्यावर. कर्तृत्व त्यांचं स्वतःचं, पण दार उघडलं ते दुःखाने. ताराबाई हंबीरराव मोहित्यांची लेक, म्हणजे सरसेनापतीच्या घरात वाढलेली मुलगी. त्या मुलीच्या वयाची गोष्ट आपण मुलांना सांगतच नाही. सांगतो ती राणीची.

मग लोकप्रिय सिनेमांकडे वळले. तिथे राजकन्या लढते, आणि झोकात लढते. 'बाजीराव मस्तानी' (२०१५) मधली मस्तानी छत्रसालाची लेक म्हणून मदत मागायला येते ती तलवार चालवतच. 'बाहुबली'च्या दुसऱ्या भागातली (२०१७) देवसेना पालखीवर हल्ला होतो तेव्हा आत घाबरून बसत नाही, बाहेर येऊन हल्लेखोरांना कापते. दोन्ही वेळा थिएटरमध्ये मी टाळ्या वाजवल्या आहेत. आता दोघींचा शेवट आठवा. मस्तानी साखळदंडात. देवसेना पंचवीस वर्षं साखळदंडात. एंट्रीला तलवार आणि शेवटी बेड्या, हे दोन वेगळ्या दिग्दर्शकांच्या, वेगळ्या भाषांतल्या सिनेमांत जसंच्या तसं यावं याचं मला फार वाईट वाटलं.

याउलट १९८३ चा स्टार वॉर्स. लेया राजकन्याच. जब्बा नावाचा तो अवाढव्य गुंड तिला साखळीने बांधून शेजारी बसवतो. गोंधळ सुरू होताच ती त्याच साखळीचा फास त्याच्या गळ्याभोवती आवळते आणि त्याला मारते. सोडवायला आलेले लोक आसपास असतात, पण हे काम तीच करते.

तर प्रश्न असा: आपण वाचलेल्या, पाहिलेल्या, खेळलेल्या गोष्टींत कुठल्या राजकन्येच्या हातातलं शस्त्र शेवटपर्यंत तिच्याच हातात राहतं? आणि काढून घेतलं जातं तेव्हा नेमकं कधी?

---

शिलेदार७७

उत्तम धागा. लेयाबद्दल थोडी भर.

तिचा खरा कस पहिल्याच सिनेमात, १९७७ मध्ये दिसतो. दोन तरुण तिला सोडवायला कोठडीपर्यंत पोचतात, पण परत कसं जायचं याचा त्यांनी विचारच केलेला नसतो. पुढून गोळीबार, मागे भिंत. लेया त्यांच्यातल्या एकाच्या हातातली बंदूक ओढून घेते, भिंतीतली जाळी उडवते आणि सगळ्यांना कचऱ्याच्या नळीत उड्या मारायला लावते. सुटका होते ती तिच्या निर्णयामुळे. मी हा सिनेमा अलका टॉकीजच्या चौकात राहणाऱ्या मामाकडे व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता, आणि आम्ही सगळे भाऊ त्या क्षणी गप्प झालो होतो.

साखळीच्या प्रसंगात एक गोष्ट मात्र खटकते. तिच्या अंगावर त्या वेळी जे तोकडे कपडे आहेत त्यावर पुढे खूप आक्षेप घेतले गेले, आणि ते मला पटतात. शस्त्र हातात दिलं आणि चिलखत काढून घेतलं, असा तो प्रकार.

२०१५ च्या भागात ती परत येते तेव्हा सगळे तिला जनरल म्हणतात. जन्माने मिळालेल्या पदवीच्या पुढे कमावलेली पदवी आली. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर माझ्याकडून: लेया.

---

पोथीवाली

मुठाकाठची, तुझ्या लेकीच्या प्रश्नाने मला माझ्या आजीची आठवण आली. आमच्याकडे चातुर्मासात श्रीधरांचा जैमिनी अश्वमेध लावायचे. त्यात प्रमिलेची कथा आहे. अश्वमेधाचा घोडा स्त्रीराज्यात शिरतो, तिथली राणी प्रमिला तो पकडते आणि अर्जुनाला आव्हान देते. आम्ही मुली सरसावून बसायचो. आता लढाई जुंपणार! तेवढ्यात आकाशवाणी होते, स्त्रीशी लढू नकोस, हिच्याशी लग्न कर. संपलं. घोडा सुटतो, लग्न लागतं.

आजी तिथे पोथी मिटून म्हणायची, "बरोबरीची होती हो ती." बाकी काही बोलायची नाही. मी आज सत्तरीला टेकले, पण ती आकाशवाणी मला अजून टोचते. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं हे उत्तर घे: तलवार लग्नाच्या वेळी काढून घेतली जाते.

---

रविवारसकाळ

काकू, अगदी खरं.

आमच्या पिढीची राजकन्या म्हणजे दूरदर्शनवरची चंद्रकांता, १९९४ सालची, दर रविवारी सकाळी. मूळ हिंदी कादंबरी देवकीनंदन खत्रींची, १८८८ मधली. तिथे राजकन्या तिलिस्मात, म्हणजे जादूच्या भूलभुलैयात, अडकते आणि तो तिलिस्म राजकुमार तोडतो. पण तिची सखी चपला? ती ऐयार आहे, म्हणजे हिकमती हेर. वेषांतर करते, बेशुद्ध करते, पाठलाग करते. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या लेखकालाही बाईच्या हातात हिकमत द्यायला अडचण नव्हती, फक्त ती बाई राजघराण्यातली नको. पेठेतल्या आमच्या वाड्यात खेळताना सगळ्या मुलींना चपलाच व्हायचं असायचं. चंद्रकांतेसाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागायच्या.

---

पवित्रा

मी मर्दानी खेळ शिकते आणि लहान मुलींना शिकवते, बारा वर्षं झाली. गणपतीत आमच्या पथकाची प्रात्यक्षिकं पाहिली असतील. या विषयावर थोडं सविस्तर लिहिते, कारण पडद्यावरची लढाई पाहताना माझं लक्ष गोष्टीआधी पायांकडे जातं.

पहिलं, पाय. आमच्याकडे नवीन मुलीच्या हाती महिनोन् महिने लाठीशिवाय काही देत नाही. लाठीने पवित्रे बसतात, म्हणजे पाऊल कुठे पडलं की वजन कुठे जातं हे अंगात मुरतं. पवित्रा पक्का नसेल तर तलवार नुसती हवेत गरगर फिरते, वार होत नाही.

दुसरं, दांडपट्टा. २०२४ मध्ये त्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला म्हणून आता सगळ्यांना नाव माहीत आहे. पट्ट्याची मूठ हात कोपरापर्यंत झाकून टाकते, त्यामुळे मनगट वळवायला वावच नसतो. वार खांद्यातून आणि कमरेतून, अख्खं शरीर फिरवून करावा लागतो. जमिनीवर ठेवलेलं लिंबू पट्ट्याने कापतात तेव्हा बघणाऱ्याला ती नजरेची कमाल वाटते. ती कमाल गुडघ्यांची असते. आणि म्हणून सांगते, नाजूक-दणकट हा भेद इथे फारसा चालत नाही. माझ्याकडची सगळ्यात चपळ पट्टेवाली मुलगी चणीने सगळ्यात लहान आहे.

आता सिनेमा. मोकळे केस सोडून लढणारी राजकन्या पाहिली की मला कळतं, हिला लढताना पाहायचं नाहीये, लढताना सुंदर दिसताना पाहायचं आहे. आम्ही सरावाला बसतानाच केस घट्ट बांधतो, नऊवारीचा काष्टा कसून घालतो. डोळ्यावर आलेली एक बट समोरच्याला एक वार फुकट देते.

मुठाकाठची, तुमच्या प्रश्नात मला आणखी एक दिसतं. नायकाचा सराव पडद्यावर दाखवतात. तो पडतो, घाम गाळतो, गुरू ओरडतो, ऋतू बदलतात. राजकन्येचा सराव कुणी दाखवत नाही. ती आयतीच तयार होऊन येते. ज्या कसबाची मेहनत आपण पाहिलेली नसते, ते नाहीसं झालं तरी कुणाला चुकचुकल्यासारखं वाटत नाही. तलवार इतक्या सहज काढून घेता येते ती यामुळे. देवसेना तर आधीपासून चांगली धनुर्धर, पण तीन बाण एकदम कसे सोडायचे ते दाखवतो बाहुबली. तो प्रसंग दिसतो फार देखणा, पण त्याआधी ती हजारो बाण एकटीने सोडून शिकली असेल, ती वर्षं कुठे गेली?

---

कन्सोलवेडा

पवित्रा, 'सराव दाखवत नाहीत' याला एक सणसणीत अपवाद म्हणजे २०१२ च्या 'ब्रेव्ह' या ॲनिमेशनपटातली मेरिडा, स्कॉटलंडची राजकन्या. धनुष्य ती लहानपणापासून चालवते, घोड्यावरून दौडत नेम धरते, हे सगळं दिसतं. स्वतःच्या स्वयंवराच्या स्पर्धेत स्वतःच स्पर्धक म्हणून उतरते आणि सगळ्या उमेदवारांना हरवते.

पण पुढचं ऐका. २०१३ मध्ये डिस्नेने तिला आपल्या अधिकृत राजकन्यांच्या यादीत घेतलं तेव्हा जे नवं चित्र काढलं, त्यात तिची कंबर बारीक झाली, झग्यावर चमक आली आणि धनुष्य गायब झालं. सिनेमाच्या दिग्दर्शकांपैकी एक, ब्रेंडा चॅपमन यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. विरोधाच्या अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. गोष्टीत कुणाला काढून घेता आलं नाही, ते खेळण्यांच्या दुकानात काढून घेतलं. त्या ड्रेपरीवाल्या काकांचे दोन गठ्ठे हेच तर सांगतात.

माझा मूळ मुद्दा गेमचा आहे. 'झेल्डा' १९८६ पासून आहे. नाव राजकन्येचं, पण खेळायचं लिंक नावाच्या मुलाला घेऊन, तिला सोडवायला. १९९८ च्या भागात ती शीक नावाने वेष बदलून वावरते आणि फार रुबाबदार दिसते. आपली खरी ओळख उघड करते आणि थोड्याच वेळात पकडली जाते. झगा परत अंगावर आला की कैद. अखेर २०२४ मध्ये मुख्य मालिकेतला पहिला असा भाग आला ज्यात आपण झेल्डा होऊन खेळतो. मी पहिल्याच दिवशी घेतला, रात्रभर जागलो. वस्तूंच्या आणि राक्षसांच्या प्रतिकृती उभ्या करून ती लढते, ही कल्पना मला खरंच आवडली. डोकं चालवावं लागतं. तलवारही मिळते, पण तिच्यासोबत पडद्यावर ताकद मोजणारी एक पट्टी असते. वापरलं की पट्टी रिकामी होत जाते आणि ती संपली की तलवार जाते.

अडतीस वर्षं वाट पाहून मिळालेली तलवार मोजून वापरायची होती.

---

चिकित्सक

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

'तलवार हातात राहिली म्हणजे जिंकली' हे समीकरण मला मान्य नाही. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या १९५५ च्या खंडातली एओविन घ्या. राजाची भाची, पुरुषाच्या वेषात युद्धाला जाते, आणि ज्याला कुणी पुरुष मारू शकणार नाही असं भाकीत होतं त्या सेनापतीला मारते. त्या झुंजीत तिची तलवार मोडते, ढालीचा हात मोडतो. बरी झाल्यावर ती म्हणते, आता मला लढायचं नाही, जखमा बऱ्या करायच्या आहेत. ही हार आहे का? माझ्या मते नाही. मरण शोधत रणात गेलेली मुलगी जगायचं ठरवते आहे.

दुसरं उदाहरण मियाझाकींच्या जपानी ॲनिमेशनपटातली नाऊशिका, १९८४. वाऱ्याच्या दरीची राजकन्या. वडिलांना मारलेलं पाहून ती बेभान होते आणि सैनिकांना मारत सुटते. तिच्याच गुरूला मध्ये पडून तिला थांबवावं लागतं. नंतर तिला भीती वाटते ती स्वतःच्या रागाची. पुढे ती खवळलेल्या महाकाय कीटकांच्या कळपासमोर निःशस्त्र उभी राहते. लढता येत असूनही न लढणं, याला लढण्यापेक्षा जास्त छाती लागते.

आणि देवसेना साखळदंडात दुबळी आहे? ती पंचवीस वर्षं एकेक काटकी गोळा करते, शत्रूच्या चितेसाठी. तिची जिद्द कुणी बांधू शकलं नाही.

---

मुठाकाठची

चिकित्सक, राग कशाला. रात्रभर विचार करायला लावलंत.

एओविन आणि नाऊशिकाच्या बाबतीत तुमचं पूर्ण मान्य. मला माझा प्रश्न दुरुस्त करावासा वाटतो. शस्त्र खाली ठेवणं वेगळं आणि काढून घेणं वेगळं. त्या दोघी स्वतः ठरवून ठेवतात.

देवसेनेबद्दल मात्र पटलं नाही. काटक्या ती गोळा करते, पण लढाई मुलगा लढतो. तिच्या बाणांचं काय झालं? गरोदरपणी दरबारात आणलेल्या त्या देवसेनेपासून ते केस पांढरे झालेल्या देवसेनेपर्यंत, ती आधी बायको आणि मग आई म्हणून दिसते. पहिल्या भागाच्या सुरुवातीला शिवगामीसुद्धा पाठलाग करणाऱ्यांना मारते ते हातात तान्हं बाळ घेऊनच. लेकीने विचारलेला प्रश्न पुन्हा तिथेच येतो.

पवित्रा, सरावाचा मुद्दा तुम्ही मांडलात तो माझ्या लक्षातच आला नव्हता. ताराबाईंच्या बालपणाबद्दल मी जे लिहिलं ते बहुतेक हेच असावं. आपल्याला तयार राणी हवी असते, शिकणारी मुलगी नको असते.

---

नगरी_माणूस

पुण्यात वीस वर्षं झाली तरी मूळचा नगरचा, म्हणून राहवत नाही. खऱ्या राजकन्येबद्दल कुणीच कसं बोललं नाही?

चांदबिबी. हुसेन निजामशहाची लेक, विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. नवरा गेल्यावर तिकडचा कारभार पाहिला आणि मग माहेरी नगरला आली. मोगलांनी १५९५ च्या अखेरीस नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, शहजादा मुराद स्वतः होता. तटाखाली सुरुंग पेरले. एक उडाला आणि तटाला खिंडार पडलं. चांदबिबी तोंडावर बुरखा आणि हातात नंगी तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली, माणसांना धीर दिला आणि रातोरात भिंत पुन्हा उभी करून घेतली. तिने लढवलेला किल्ला नवऱ्याचा नव्हता, बापाचा होता. शेवटी वऱ्हाड द्यावं लागलं, पण किल्ला राहिला. पुढे काही वर्षांनी घरातल्याच लोकांनी तिला मारलं, हे आम्हा नगरकरांचं दुःख.

(जाता जाता: नगरजवळच्या डोंगरावर लोक 'चांदबिबीचा महाल' म्हणून जे पाहायला जातात ती खरं तर सलाबतखानाची कबर आहे. पण नाव तिचंच चिकटलं, आणि मला त्याचा आनंद आहे.)

---

रविवारसकाळ

नगरी, मस्त. याच जातीची आणखी एक, वारंगळची रुद्रमादेवी. तेराव्या शतकातली काकतीय राजकन्या. गणपतिदेवाने लेकीलाच वारस केलं, आणि शिलालेखांत तिचा उल्लेख रुद्रदेव महाराज असा पुरुषी नावाने येतो. तिच्यावर २०१५ मध्ये तेलुगू सिनेमा आला. त्यात रुद्रमादेवी साकारणारी अनुष्का शेट्टी हीच 'बाहुबली'तली देवसेना. एकाच नटीने सिंहासनावरची राजकन्याही केली आणि साखळदंडातलीही.

---

पोथीवाली

आपल्या गावातली मस्तानी पार विसरून चालणार नाही. सिनेमात दाखवलं ते सोडा. शनिवारवाड्याच्या ज्या दरवाजाला लोक मस्तानी दरवाजा म्हणतात तिथून मी शाळेत असताना रोज जायची. कोथरूडच्या तिच्या वाड्याचे अवशेष आणून केळकर संग्रहालयात महाल उभा केला आहे, तिथे झुंबरं आहेत, आरसे आहेत, वाद्यं आहेत. तिची कबर पाबळला. या तिन्ही ठिकाणी मी गेले आहे, आणि तिन्ही ठिकाणी मला ती कुणाची तरी म्हणून भेटली. बुंदेलखंडात घोड्यावर बसणारी मुलगी कुठेच भेटली नाही. संग्रहालयातल्या त्या महालात एखादं लगाम-रिकिबीचं सामान ठेवलं असतं तर किती बरं झालं असतं.

---

पवित्रा

काकू, तुमचा शेवटचा परिच्छेद मी आज वर्गात मुलींना वाचून दाखवला.

मुठाकाठची, लेकीच्या स्पर्धेचं काय झालं ते राहिलंच की.

---

मुठाकाठची

सांगते. गुलाबी झगा, कमरेला तलवार, मुकुट नको म्हणाली कारण वाकलं की पडतो. परीक्षकांनी विचारलं, तू कोण? म्हणाली, "मी राजकन्या. अजून शिकते आहे." हे मी पढवलेलं नव्हतं. 'पात्र स्पष्ट नाही' असा शेरा मिळाला आणि नंबर आला नाही. लेक दोन दिवस रुसली होती, मीही.

तलवार परत करायला गेलो तेव्हा काकांनी विचारलं, कसं झालं? तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि राणीच्या गठ्ठ्यातली एक जास्तीची ढाल काढून राजकन्येच्या गठ्ठ्यात बांधली. म्हणाले, तलवारी मोजक्याच आहेत, ढाली पुष्कळ आहेत.

पवित्रा, तुमच्या वर्गाला नऊ वर्षांची मुलगी चालेल का? लाठी कुठून आणायची?

---

पवित्रा

चालेल. लाठी आणू नका, लहान मापाच्या आमच्याकडे आहेत. शनिवारी सकाळी सातला या, पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवते. केस घट्ट बांधून पाठवा, आणि पहिला महिना फक्त पाय दुखतील हे तिला आधी सांगून ठेवा.